फरक नेमका कुठे आहे ते पाहा
‘मुलीने प्रश्नावलीत खूप भीती लिहिली आणि आम्हाला घरी काहीच दिसत नाही, मग खरं कोणाचं?’ या पालकांच्या प्रश्नावर बहुतेकांनी मूल वाढवून सांगतंय असा निकाल देऊन टाकलाय. मला तो पटत नाही.

असा फरक नेहमीचाच आहे. अ‍ॅकेनबाख या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र तपासले. मुलाने स्वतःबद्दल सांगितलेलं आणि इतरांनी त्याच्याबद्दल सांगितलेलं यांचा सहसंबंध निघाला सरासरी ०.२२ (पूर्ण जुळलं तर १), म्हणजे फारच थोडा. मारामारी, उलट बोलणं दिसतं तरी. छातीतली धडधड बाहेरून कशी दिसणार? त्यात आपणच नकळत ती झाकतो. कुत्रा असलेली गल्ली टाळून वळसा घेतो, पाहुण्यांनी विचारलं की मुलाच्या वतीने उत्तर देतो. मग घरी भीती दिसायला प्रसंगच उरत नाही.

उलटही होतं. ‘मी ठीक आहे’ म्हणणारा मुलगा रात्री एकटा झोपत नाही, हे आईच सांगते. (आई स्वतः काळजीखोर असेल तर तिने मुलाबद्दल भरलेल्या भीतीचा आकडा थोडा चढतो, हेही खरं.)

मुलांमधली भीती-चिंता मोजणाऱ्या ‘स्केअर्ड’ प्रश्नावलीत तेच ४१ प्रश्न मुलाला आणि पालकाला वेगवेगळे विचारतात, ते यासाठीच. दोन्ही कागद शेजारी ठेवा. बेरीज नको, कोणत्या प्रश्नांवर दोघांच्या उत्तरांत फाटतंय ते बघा. शाळेच्या प्रश्नांवर फाटत असेल तर वर्गशिक्षिकेला विचारा. आणि मुलीचा कागद तिच्या शेजारी बसून भरून घेऊ नका.