मालिकेतली पत्रं: १९४४ साली इटलीहून बेळगावला पाच दिवसांत?

शहापूर_खडेबाजार

दुसऱ्या महायुद्धातली जी प्रेमकथा सध्या रात्री लागते, ती आपल्या भागात घरोघरी बघतात, म्हणून इथंच विचारते. नायक बेळगावच्या मराठा पलटणीतला, १९४४ साली इटलीत. बायको खानापूर तालुक्यातल्या खेड्यात. तो दर आठवड्याला "माझ्या प्राणप्रिये" असं पत्र लिहितो, ते पाचव्या दिवशी पोचतं, आणि ती ओढ्याकाठी बसून एकटीच वाचते. दोघांचं काम छान झालंय, पण हे पटत नाही. त्या काळी पत्र कसं यायचं? आणि गणवेश, बंदूक, लुगडं यांतलं कितपत बरोबर आहे?

तिकीटसंग्रह_निपाणी

ताई, तुमची शंका बरोबर आहे. दर वेळी पाच दिवसांत पत्र पोचणं पटण्यासारखं नाही. पत्र पलटणीच्या फील्ड पोस्ट ऑफिसात, म्हणजे सैन्याबरोबरच्या टपाल कचेरीत पडायचं, तिथून मोठ्या तळावर, मग बोटीनं किंवा विमानानं हिंदुस्थानात, मग रेल्वेनं तालुक्याला आणि शेवटी टपालवाल्याच्या पायांनी गावात. यात बरेच दिवस, कधी आठवडे जायचे. कधी तीन पत्रं एकदम यायची, त्यातही मागून लिहिलेलं आधी.

लिफाफा जवळून दाखवतात तेव्हा त्यावर इटलीतल्या गावाचा शिक्का दिसतो. तसा शिक्का असणं शक्यच नाही. फील्ड पोस्टाच्या शिक्क्यात फक्त नंबर आणि तारीख असते, कारण पलटण कुठं आहे हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. घरून पाठवायचा पत्ताही तसाच: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि टपाल तळाचा नंबर. गाव नाही, देश नाही. लिफाफ्यावर सेन्सॉरचा वेगळा शिक्का हवा. मजकुरात नदीचं किंवा डोंगराचं नाव आलं तर ते काळ्या शाईनं खोडलेलं किंवा कात्रीनं कापलेलं असायचं. मालिकेतला नायक मात्र नदीचं नाव, पुलाची जागा, सगळं लिहून मोकळा होतो.

आता खरी गोष्ट. शिपायांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हतं, गावात बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. म्हणजे तिकडे लिहून देणारा सोबती, ते वाचून तपासणारा अधिकारी, इकडे वाचून दाखवणारा शाळेतला मास्तर आणि समोर बसलेला सासरा. एवढ्या चौघांच्या कानावरून ते पत्र तिच्यापर्यंत यायचं, तीही दाराआड उभी. प्राणप्रिये कोण लिहील? पत्र वडिलांच्या नावे असायचं. "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. म्हशीला चारा कमी पडू देऊ नये. घरच्यांनी तब्येतीस जपावे." त्या "घरच्यांनी" या एका शब्दात बायको. मास्तर ते वाक्य वाचतो तेव्हा दाराआडच्या बाईचा चेहरा दाखवा, ओढ्याची गरजच नाही. मालिकेनं हे सोडलं याचं मला फार वाईट वाटतं.

कॅम्प_मैदान

पलटणीचं थोडं मी सांगतो. त्या वेळी रेजिमेंटचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, प्रशिक्षणाचं ठाणं बेळगावातच. इटलीत पहिली आणि तिसरी बटालियन लढली हे खरंच, त्यामुळे कथेचा पाया चुकीचा नाही. तिसरीतले नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर, तर पहिलीतले शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

चुका तपशिलात आहेत. टोपीच्या बिल्ल्यावर अशोकस्तंभाचे सिंह दिसतात. ते स्वातंत्र्यानंतरचे, तेव्हा तिथं राजमुकुट हवा. नायकाच्या वरिष्ठाला "नायब सुभेदार" म्हणतात. तेव्हाचा शब्द जमादार, नायब सुभेदार हे नाव १९६५ साली आलं. बर्फात सगळे खाकी सुती कपड्यात दाखवलेत. इटलीच्या हिवाळ्यात जाड लोकरी बॅटलड्रेस लागायचा.

बंदूक ली-एनफिल्ड, ती बरोबर निवडलीय. पण तिच्यात दहा गोळ्या मावतात आणि प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट वर, मागे, पुढे, खाली करावा लागतो. नायक बोल्टला हात न लावता बारा-तेरा गोळ्या झाडतो. भरताना पाच-पाच गोळ्यांच्या दोन पट्ट्या वरून दाबायच्या. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, वरच्या गोळीची कड खालचीच्या मागे अडकली की बंदूक तिथंच अडते. थरार हवाच होता तर तो यात होता की!

आणि बेळगावहून थेट मुंबईची गाडी नव्हती. मिरजमार्गे पुण्यापर्यंत मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, पुण्यात उतरून ब्रॉडगेजची गाडी धरायची. निरोपाचा प्रसंग बेळगाव स्टेशनवर घेतला ते ठीक, पण डबा अरुंद हवा.

हलगा_बस्तवाड

लुगड्याबद्दल. नायिकेचं पातळ वाऱ्यावर उडतं ते सिंथेटिक कापड आहे, ते तेव्हा इकडे गावात नव्हतंच. तिच्या अंगावर सुती इरकल नऊवारी हवं आणि खणाची चोळी. इरकलचा पदर ओळखायचा सोपा: रेशमी, लाल, मध्ये पांढरे पट्टे. अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात, ते मागावर फासे घालून जोडतात, त्याला तोपतेनी म्हणतात. काठ गोमी किंवा परासपेठी चालेल. युद्धात कापडाची टंचाई होती, तेव्हा रोज नवं लुगडं बदलणारी शेतकऱ्याची सून खटकते. एकच लुगडं, जोड दिलेलं, भागाभागानं विरत गेलेलं दाखवलं असतं तर चार वर्षं गेली हे न सांगता कळलं असतं.

दुसरं, १९४४ मध्ये पाटील "कर्नाटक सरकार" म्हणतो. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, आणि कर्नाटक हे राज्याचं नाव १९७३ चं. तुमचं शहापूर तर सांगली संस्थानात होतं, बेळगावातून तिकडे गेलं की सरकारच बदलायचं. पोलिसांपासून पळणारा नायिकेचा भाऊ शहापुरात शिरतो एवढं एक दृश्य घेतलं असतं तरी पुरे होतं.

भाषेचं काय बोलायचं? सगळे पुण्याचं बोलतात. "जेवालोय", "काय गा", "येतंय की" हे एकदाही ऐकू येत नाही.

शहापूर_खडेबाजार

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक विचारते. कालच्या भागात तिला "पती धारातीर्थी" अशी देवनागरी तार आली आणि पुढच्या भागात तो जिवंत येणार असं दाखवलंय. हे जुळतं का?

तिकीटसंग्रह_निपाणी

देवनागरी तार स्वातंत्र्यानंतरची. तेव्हा तार इंग्रजीत यायची, तालुक्याहून माणूस घेऊन यायचा, वाचायला पुन्हा मास्तरच. गावात तार आली म्हटलं की उघडायच्या आधीच रड सुरू व्हायची.

कॅम्प_मैदान

मेल्याची तार येऊन परत येण्यापेक्षा "बेपत्ता" जास्त खरं. २१ जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक पडलं, त्यात दुसरी बटालियन अडकली आणि माणसं कैदेत गेली. कैदी इटलीत नेले. घरी आधी बेपत्ता एवढंच कळायचं, कैदेतलं कार्ड रेडक्रॉसमार्फत पुष्कळ उशिरा. नायकाला दुसऱ्या बटालियनमध्ये घातलं असतं तर इटलीही मिळाली असती आणि ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाल्यावर कोठडीतून निसटण्याची संधीही. मधल्या त्या महिन्यांत तिनं कुंकू लावायचं की पुसायचं, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं.