ईटिंग डिसऑर्डरवर सीबीटीच बेस्ट, हे कुणी ठरवलं?

कृष्णाकाठ, सांगली
मी इथं काउन्सेलिंग करते. बुलिमियाच्या (बकाबका खायचं, मग उलटी काढायची) मुलींचे आईवडील हल्ली आल्या आल्या विचारतात, सीबीटीच (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) देता ना, तीच बेस्ट आहे म्हणे. अमेरिकेत २२० पेशंटवर सीबीटी आणि इंटरपर्सनल थेरपीची (माणसामाणसांतल्या नात्यांवर काम करणारी) तुलना झाली, रिपोर्ट २००० चा. कोर्स संपला तेव्हा सीबीटीच्या २९ टक्के बऱ्या, दुसरीकडे ६. नंतरच्या फॉलोअपला मात्र दोन्हीतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरलाच नव्हता! म्हणजे कधी मोजलं त्यावर नंबर ठरला आणि लोकांच्या तोंडी पहिलाच आकडा राहिला.

मिरजकर
मॅडम, तोवर त्या पोरींनी काय करायचं? सारख्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, लवकर गुण येणं ही काय बारीक गोष्ट नाही. आणि २०१४ ची कोपनहेगनची ट्रायल बघा की, ७० पेशंट, मनोविश्लेषण दोन वर्षं आणि सीबीटी पाच महिन्यांत २० सेशन. दोन वर्षांनी बिंज (बकाबका खाणं) आणि उलट्या थांबलेल्या: सीबीटीत ४४ टक्के, मनोविश्लेषणात १५. ट्रायल उभी केली होती मनोविश्लेषणवाल्यांनीच. पद्धत चोख असली की आपल्या आवडीच्या विरुद्धही निकाल येतो.

कृष्णाकाठ, सांगली
मनोविश्लेषणाची थेरपी मुळात उलट्यांवर थेट काम करतच नाही, नातेसंबंध आणि दबलेल्या भावनांवर करते, आणि मोजल्या काय तर उलट्या.

मिरजकर
मग काय मोजायचं? उलट्या चालूच आहेत आणि पेशंट बरी, असं मी तरी म्हणणार नाही.

कोयनेकाठी, कराड
दोघंही बुलिमियावरच बोलताय. अॅनोरेक्सियात (वजन वाढायच्या भीतीनं खाणंच तोडायचं) तर २००५ च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये १२२ पैकी जवळपास निम्म्या पेशंटनी मधेच उपचार सोडले. उरलेल्यांवरून थेरपी चांगली का वाईट काय कप्पाळ ठरवणार, सोडून गेलेल्या धरून हिशोब केलाय का ते आधी बघा.

विटेकर
आणि हे आजार ओळखायला जी प्रश्नावली भरून घेतात तिचं काय? 'भूक लागली तरी खाणं टाळते' असं वाक्य असतं त्यात. आमच्याकडं नवरात्राचे नऊ दिवस उपास धरणारी बाई 'नेहमी' वर टिक करणार, तिला काय आजार आहे होय? तिकडची प्रश्नावली नुसती मराठीत आणून भागत नाही, समोर बसून का खात नाही ते विचारायला पाहिजे.

मिरजकर
हे मान्य. पण मॅडम, तुमच्याकडच्या मुलींची नोंद, सुरुवातीला, कोर्स संपल्यावर, वर्षानं, सोडून गेलेल्यांसकट, तुम्ही ठेवता का?

कृष्णाकाठ, सांगली
ठेवते. सोडून गेलेल्यांना फोनही करते, बऱ्याच घरातनं उचलत नाहीत.