दोन कंप्युटर, एक कीबोर्ड : स्विच घेणं म्हणजे पैसे नाल्यात?

रामबागवाला
काल सुदामानगरच्या दादांनी लिहिलं की दोन कंप्युटरला एक कीबोर्ड-माउस चालवायला यूएसबी स्विच घेणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं, 'माउस विदाउट बॉर्डर्स' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाका. वाचल्यापासून डोक्यात बसलंय. दादा, माझ्या टेबलावर एक लॅपटॉप ऑफिसचा आहे, त्यात साधा फॉन्ट टाकायचा तर आयटीवाल्यांची परवानगी लागते, तिथे मी दाबलेलं प्रत्येक बटण, पासवर्डसकट, नेटवर्कवरून पाठवणारं सॉफ्टवेअर मला कोण टाकू देणार? सिल्व्हर मॉलमधून नऊशेचा स्विच आणला, बटण दाबलं की कीबोर्ड-माउस इकडचे तिकडे. लॅपटॉपला फक्त कीबोर्ड लागलाय एवढंच कळतं.

सुदामानगर_दादा
आणि ते बटण दिवसातून शंभरदा दाबत बसायचं? माझा माउस स्क्रीनच्या काठावरून सरळ दुसऱ्या स्क्रीनवर जातो, इकडे कॉपी, तिकडे पेस्ट. तुझा स्विच हे करतो का? आणि ते काही कुठलंही सॉफ्टवेअर नाही, मायक्रोसॉफ्टचं आहे, 2011 पासून, 2023 मध्ये त्यांच्याच पॉवरटॉइज या फुकट टूल्सच्या संचात आलं. चार मशीनपर्यंत चालतं, सिक्युरिटी की जुळल्याशिवाय जोडतच नाही आणि सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं. उगाच पासवर्डची भीती घालू नका लोकांना.

पेंग्विन_इंदूर
पण ते फक्त विंडोजवर. माझं एक मशीन लिनक्सचं. सिनर्जी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरपासून निघालेलं बॅरिअर वापरत होतो, त्याचं काम थांबलं, मग त्यातूनच निघालेल्या इनपुट लीपवर आलो. दर दोन वर्षांनी नवं नाव शिकून राहिलोय.

लोकमान्यनगर_ताई
मराठी-हिंदी टाइप करणाऱ्यांचं कोणी बोलतच नाही. मी रेमिंग्टन गेलवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या लेआउटवर, काम करते. बॅरिअर टाकलं, विंडोजवर सगळं नीट, लिनक्सकडे माउस नेला की देवनागरी उमटायचीच नाही, अर्धा अर्ज परत टाइप केला. स्विच फक्त कुठलं बटण दाबलं ते पाठवतो, अक्षर कुठलं ते त्या त्या कंप्युटरचा लेआउट ठरवतो, म्हणून तिथे ही भानगडच नाही.

पेंग्विन_इंदूर
ताई, मूळ दुखणं रेमिंग्टन आहे. इन्स्क्रिप्ट लेआउट शिका. 'के'वर क, शिफ्ट धरून ख; 'आय'वर ग, शिफ्ट धरून घ. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. एकदा हात बसला की मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकाच सवयीत.

लोकमान्यनगर_ताई
शिका म्हणे! माझ्या बाबांचा टायपिंग क्लास होता, पंधरा मशीन, मी दहावीत असल्यापासून त्यावर हात बसलाय. ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर, कारण कागदावर तसंच उमटायचं. आज डोळे मिटूनही चुकत नाही. सीपीसीटीच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या सरकारी कंप्युटर-टायपिंगच्या, परीक्षेत सरकार दोन्ही लेआउट चालवतं, मग तुम्ही कोण आमचा हात मोडायला सांगणारे? तुमच्या पोटावर नाही येत म्हणून सोपं वाटतं.

पेंग्विन_इंदूर
हात मोडा असं म्हटलं नाही. नवीन मुलांनी तरी वेलांटी आधी टाकायची सवय का लावून घ्यायची, एवढंच. बाबांच्या क्लासचं ठाऊक नव्हतं, शब्द मागे घेतो. मत नाही.

सुदामानगर_दादा
गाडी कुठल्या कुठे गेली. टायपिंगचं मान्य, ऑफिसच्या लॅपटॉपचंही मान्य, तिथे माझ्याकडून जास्तच बोललं गेलं. पण दोन्ही विंडोज मशीन घरचीच असतील तर स्विच नकोच, यावरून मी हटणार नाही.

रामबागवाला
आणि विंडोज चालूच झालं नाही तर? मागच्या महिन्यात अपडेट अडकलं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जायचं होतं. तिथे तुमचं सॉफ्टवेअर सुरूच झालेलं नसतं. स्विचवरून त्याच कीबोर्डने आत गेलो.

सुदामानगर_दादा
हं. रविवारी तो स्विच घेऊन घरी ये. माझं जुनं मशीन दिवाळीपासून तिथेच अडकलंय आणि त्याला लावायला दुसरा कीबोर्ड नाही.