भारी वायर, सोन्याची पिन आणि भजनातली खरखर

भजनी_वेंगुर्ला
देवळाच्या सभामंडपात 100 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर, 8 ओहमचे दोन स्पीकर. प्रत्येकाला 1 चौ. मिमीची 20 मीटर वायर. पाऊस लागल्यापासून खरखर येते आणि बुवांचे शब्द मागे कळत नाहीत. दुकानदार सांगतोय, 200 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर, ऑक्सिजन-फ्री वायर आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना घ्या. चतुर्थीआधी घ्यावं का?

तारवाला
वॉट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे एका वॉटमध्ये तो किती डेसिबल आवाज देतो ते. 88 च्या जागी 94 डेसिबलचा असेल, तर तेवढाच आवाज पाव वॉटेजमध्ये मिळतो.

वायरीचं म्हणाल तर जाऊन-येऊन 40 मीटर तांबं, रोध सुमारे 0.7 ओहम. त्यात पाऊण डेसिबलही जात नाही. तेही टोचत असेल तर 2.5 चौ. मिमीची घरच्या वायरिंगची मल्टीस्ट्रँड टाका, 0.3 च्या आसपास येईल. तांब्यातला ऑक्सिजन काढल्याने कानाला काही फरक कळत नाही. मात्र एक तार ब्लेडने खरवडून बघाच. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम गळ्यात मारलंय.

खारा_वारा
सोन्याची पिन काय आरतीक ठेवूची हा? सोनं तांब्यापेक्षा वीज कमीच वाहून नेतं. ते गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. आपल्या खाऱ्या हवेत तो कामाचा आहे, पण सॉकेटही सोन्याचं हवं. कथलाच्या सॉकेटात सोन्याची पिन घातली तर सांधा उलट लवकर खराब होतो.

तुमची खरखर बहुतेक कळंकाची. प्लग काढून वायरीचं टोक सोला. तांबं हिरवं-काळं दिसलं तर लाल चकचकीत लागेपर्यंत कापत जा, मग स्क्रू घट्ट आवळा. माइकच्या पिना आणि व्हॉल्यूमच्या खुंट्यांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून खुंटी वीस-तीस वेळा फिरवा. सुकल्यावरच चालू करा. खोबरेल तेल नको, धूळ धरून बसतं.

भजनी_वेंगुर्ला
छप्पर पत्र्याचं, भिंती जांभ्याच्या, गिलावा केलेल्या.

तारवाला
मग शब्द वॉटने कधीच सुटणार नाहीत, घुमणं तेवढं वाढेल. स्पीकर कानाच्या वर बांधून किंचित खाली, माणसांकडे वळवा. मागच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून जाड सतरंज्या टांगा. बुवांचा माइक तोंडापासून चार बोटांवर आणा, झांजा त्याच्या पाठीमागे बसवा. बासची खुंटी मधल्या खुणेच्याही खाली. पखवाजाला माइक लावलाय का? असेल तर आधी तो काढा.