प्रतिसाद: उत्पादन म्हणजे उलाढाल नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय की कारखान्यांची एकूण विक्री वाढली म्हणजे तेवढंच उत्पादन वाढलं. इथे थोडी गल्लत होतेय. एक खुर्ची घ्या. तिची किंमत १०० धरा, त्यातले ६० लाकूड, स्क्रू, पॉलिश आणि विजेचे. कारखान्याने स्वतः भर घातली ती ४० ची, आणि जीडीपीत (देशाच्या एकूण उत्पादनाच्या हिशेबात) मोजली जाते तीच. नाहीतर तेच लाकूड आधी सॉमिलच्या हिशेबात आणि मग पुन्हा खुर्चीत, असं दोनदा मोजलं जाईल! शिवाय नुसते भाव चढले तरी विक्रीचा आकडा फुगतो, म्हणून उत्पादनाचा निर्देशांक (उत्पादन किती वाढलं-घटलं ते दाखवणारा आकडा) काढताना भाववाढ वगळतात.

कारखानदारीचं महत्त्व म्हणाल तर अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९६६ मध्ये मांडलेला मुद्दा मला अजून पटतो: कारखानदारी वाढते तशी तिथली उत्पादकताही वाढते. माल जास्त निघाला की यंत्रांचा खर्च जास्त नगांवर विभागला जातो, कामगारांचा हात बसतो. केशकर्तनात हे फारसं जमत नाही, एका डोक्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

रोजगाराचं मात्र वेगळं आहे. यंत्रमानव आले की माल वाढतो, पण माणसं कमी होऊ शकतात.