एका कामावर पाच नावं : तुमचा अनुभव सांगा

धागाकर्ती
हिंजवडीत बीए (बिझनेस ॲनालिस्ट) आहे. गेल्या महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं, "प्रत्येक टिकेटवर (म्हणजे कामाच्या नोंदीवर) रिव्ह्यू करणाऱ्या सगळ्यांची नावं दिसली पाहिजेत." जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असायनी (ज्याच्या नावावर काम तो) एकच ठेवता येतो, हे त्यांना पटवण्यात दोन मीटिंगा गेल्या. शेवटी ॲडमिनच्या पाया पडून 'यूजर पिकर (मल्टिपल यूजर्स)' प्रकारचं कस्टम फील्ड, म्हणजे अनेक नावं निवडता येणारा आपला वेगळा रकाना, तयार करून घेतलं आणि नाव ठेवलं 'रिव्ह्यूअर्स'. फील्ड झालं, पण टिकेट उघडलं तर त्यात दिसेचना. ते जिराच्या 'स्क्रीन'वर, म्हणजे टिकेटच्या फॉर्मवर, वेगळं जोडावं लागतं, हे कळेपर्यंत दुपार संपली. जिरानं आमची चांगलीच जिरवली म्हणा ना! (खरं तर मीच आधी वाचलं नव्हतं.)

आता फील्ड आहे, नावंही आहेत, पण रिव्ह्यू होत नाहीत. तुमच्याकडे काय करता? टूल कुठलंही असो, लिहा. फक्त तक्रार नको, काय सेटिंग केलं तेही सांगा.

मुंबईकर टेस्टर
ताई, पहिला प्रश्न : त्या लोकांना मेल जातात का? नसणार. फील्डमध्ये नाव आलं म्हणून जिरा आपोआप कळवत नाही. नोटिफिकेशन स्कीममध्ये (कुणाला कधी मेल जावा ते ठरवायची जागा) जाऊन त्या त्या इव्हेंटसमोर 'यूजर कस्टम फील्ड व्हॅल्यू' निवडायचं आणि तिथे तुमचं फील्ड द्यायचं. आमच्याकडे हे तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लीड म्हणायचा, "मी तुझं नाव टाकलं होतं", आणि मी म्हणायचो, "मला कुणी काही सांगितलंच नाही." दोघंही खरं बोलत होतो.

दुसरं, परवानगीचं. टिकेटवर सिक्युरिटी लेव्हल (ते कुणाला दिसावं याची मर्यादा) असेल तर फील्डमध्ये नाव असूनही माणसाला टिकेट उघडत नाही. त्या लेव्हलमध्येही हेच फील्ड जोडावं लागतं. म्हणजे नाव एकाच जागी लिहायचं, पण त्याचा अर्थ तीन ठिकाणी समजावून सांगायचा.

आणि मेलवर विसंबू नका. सगळ्यांना एक फिल्टर करून द्या : रिव्ह्यूअर्स = करंटयूजर() (म्हणजे जो बघतोय तो स्वतः), सोबत स्टेटस 'इन रिव्ह्यू'. तोच डॅशबोर्डवर लावा. सकाळी चहासोबत आपली यादी दिसते. आमचं निम्मं दुखणं तिथेच थांबलं. एक मात्र सांगून ठेवतो, या फील्डवर पाय चार्ट काढून साहेबांना दाखवू नका. एका टिकेटवर तीन नावं असली की ते तीनदा मोजलं जातं. आमच्या साहेबांना वाटलं काम तिप्पट वाढलं, आणि त्यांनी लगेच वरती कळवूनही टाकलं.

नाशिकची छोटी कंपनी
आम्ही रेडमाइनवाले, तेही जिरासारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर. परवान्याचे पैसे नाहीत, सर्व्हर आमचाच. तिथे 'यूजर' प्रकारचं कस्टम फील्ड करून 'मल्टिपल व्हॅल्यूज'वर टिचकी मारायची. यादीत फक्त त्या प्रोजेक्टचे मेंबर येतात, रोलनुसार आणखी कमीही करता येतात, त्यामुळे उगाच अख्खी कंपनी समोर उभी राहत नाही.

गंमत वेगळीच झाली. आधी दिसण्याची पद्धत ड्रॉपडाउन ठेवली होती, म्हणजे कंट्रोल दाबून एकेक नाव निवडायचं. आमचे स्टोअरचे काका कंट्रोल न दाबता आपल्या नावावर क्लिक करायचे आणि बाकी चार नावं गायब! दोन आठवडे "माझं नाव कुणी काढलं?" यावर भांडणं. शेवटी चेकबॉक्स केले. त्या दिवसापासून शांतता.

मंडळाचा कार्यकर्ता
ऑफिसचं नाही, गणपती मंडळाचं सांगू का? ट्रेलोवर (कामांची कार्डं लावायचं ॲप) बोर्ड केला होता. कार्डावर हवी तेवढी माणसं जोडता येतात, म्हणून उत्साहाच्या भरात 'मांडव परवानगी' या कार्डावर नऊ जण जोडले. नऊ जणांचे फोटो ओळीनं झळकत होते, अर्ज मात्र एकानंही नेला नाही. निव्वळ बारभाईचा कारभार. शेवटच्या दिवशी खजिनदार स्वतः रांगेत उभे राहिले आणि आल्यावर आमची यथेच्छ पूजा बांधली.

पुढच्या वर्षी कार्डावर एकच माणूस. बाकीच्यांची नावं चेकलिस्टच्या ओळीत हातानं लिहिली : 'नकाशा – अमुक', 'वीज जोडणी – तमुक'. नावापुढे काम आलं की पळवाट राहत नाही.

लेखा विभागातली
मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधल्या लिस्टमध्ये 'पर्सन ऑर ग्रुप' कॉलम, त्यात एकाहून जास्त निवडायची सोय चालू केली. केल्यावर कळलं की त्या कॉलमवर आता सॉर्ट होत नाही. बरोबरच आहे म्हणा, तीन नावांच्या ओळीला कुठल्या अक्षराखाली लावणार? व्ह्यूमध्ये [Me] (म्हणजे 'मी') असा फिल्टर लावला, तो चालतो.

पॉवर ऑटोमेटनं (कामं आपोआप करणारं मायक्रोसॉफ्टचंच टूल) मेल पाठवायचा फ्लो केला तर त्यानं स्वतःहून 'अप्लाय टू इच' (प्रत्येक नावासाठी तेच पुन्हा) गुंडाळलं आणि प्रत्येकाला वेगळा मेल गेला. सगळ्यांना वाटलं, फक्त आपल्यालाच आलाय. एकाच बिलाला तिघांनी तीन उत्तरं दिली! मग आधी सगळे ईमेल पत्ते जोडून एक ओळ केली आणि एकच मेल सगळ्यांना पाठवला.

रात्रपाळी
जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये (जिराचंच, मदतीच्या विनंत्या हाताळायचं रूप) 'ॲप्रूव्हर्स', म्हणजे मंजुरी देणाऱ्यांचं, फील्ड. आम्ही 'सर्वांची मंजुरी' ठेवली होती. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि अकरा रिक्वेस्ट लटकल्या. आता 'किमान 2' ठेवलंय.

बर्लिनहून
गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवायच्या साइट. गिटहबवर सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये एका इश्यूला (म्हणजे टिकेटला) 10 पर्यंत असायनी चालतात. गिटलॅबच्या मोफत आवृत्तीत एकच. जास्त हवे असतील तर पैसे मोजा. आमचा जर्मन लीड म्हणतो, एकच बरा. मला आधी राग यायचा.

धागाकर्ती
मुंबईकर, नोटिफिकेशन स्कीम तपासली, तुमचं बरोबर निघालं. मेल सुरू झाले. असायनी म्हणजे टिकेट पुढे ढकलणारा एकच माणूस आणि 'रिव्ह्यूअर्स' म्हणजे ज्यांची नजर फिरली पाहिजे ते, असं फील्डच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहून टाकलं. जुनी चारशे टिकेटं सीएसव्हीनं (स्वल्पविरामांनी खाने पाडलेली साधी फाइल) भरताना एका खान्यात स्वल्पविराम देऊन तीन नावं घातली, तर इम्पोर्ट रुसलं. एकाच नावाचे तीन कॉलम करून प्रत्येकात एक नाव द्यायचं असतं. आज सकाळी झालं एकदाचं.

साहेबांनी संध्याकाळी विचारलं, "आता यात क्लायंटचीही नावं टाकता येतील का?"