डेडलॉक डिटेक्टर गप्प, तरीही दोन थ्रेड अडकलेले

प्रश्न
मी सी++ मध्ये एक लहान रिलेशनल डेटाबेस इंजिन लिहीत आहे. युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारी सूची) असलेल्या टेबलवर अनेक थ्रेडांनी एकाच वेळी इन्सर्ट आणि अपडेट चालवले की कधीकधी दोन थ्रेड कायमचे थांबतात, सीपीयूचा वापर शून्यावर येतो, आणि डेडलॉक डिटेक्टर (एकमेकांची वाट पाहत अडकलेले थ्रेड शोधणारा भाग) मात्र काहीच नोंदवत नाही. डीबगरमध्ये असे दिसले की, एक थ्रेड इंडेक्सच्या लीफ (सर्वांत खालच्या) पेजचा लॅच (पेज हाताळताना लावायचे अंतर्गत कुलूप) धरून रो-लॉकची (ट्रान्झॅक्शनने ओळीवर लावायच्या कुलपाची) वाट पाहत आहे, आणि तो रो-लॉक ज्याच्याकडे आहे तो थ्रेड त्याच लॅचसाठी खोळंबला आहे. डिटेक्टर चुकतो आहे का?

उत्तर १
नाही, त्याला चक्राचा अर्धाच भाग दिसतो. डिटेक्टर फक्त लॉक तपासतो. लॅच क्षणभरच धरायचा असल्यामुळे त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही (पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लॅचचे काम करणाऱ्या हलक्या लॉकांनाही डेडलॉक तपासणी नाही). लॅचही नोंदवण्याचा मोह होईल, पण प्रत्येक पेज हाताळताना तो भुर्दंड पडेल. त्यापेक्षा लॅच हातात असताना लॉक न थांबता मागा. तो मिळाला नाही तर आधी लॅच सोडा, मग लॉकसाठी थांबा.

प्रश्नकर्ता
अडकणे थांबले, पण आता युनिक इंडेक्समध्ये एकाच किमतीच्या दोन नोंदी सापडल्या, हे तर अधिकच वाईट झाले.

उत्तर २
लॉक मिळाल्यावर आपण जुन्याच जागी थेट नोंद घालत असणार. मधल्या काळात पेज विभागले गेले असेल, किंवा दुसऱ्या कोणी तीच किंमत घातली असेल. पेजचा एलएसएन (त्यातल्या शेवटच्या बदलाचा क्रमांक) आधी जपून ठेवा आणि लॅच परत घेतल्यावर ताडून पाहा. तो बदलला असेल तर मुळापासून शोध घ्या. मात्र एलएसएन तोच असला तरी युनिकची तपासणी पुन्हा करावीच लागते, कारण ज्या ट्रान्झॅक्शनसाठी आपण थांबलो ते कमिट (कायम) झाले की रोलबॅक (रद्द), याचा माग इंडेक्सच्या पेजवर उमटेलच असे नाही. पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी पेज सोडते, त्या ट्रान्झॅक्शनची वाट पाहते आणि शोध नव्याने सुरू करते. चाचणीसाठी नशिबावर विसंबू नका. लॅच सोडल्यानंतर लगेच कृत्रिम थांबा घाला. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १७व्या आवृत्तीत यासाठीच इंजेक्शन पॉइंट (कोडमध्ये ठरावीक जागी असा थांबा घालण्याची सोय) आले आहेत.

प्रश्नकर्ता
थांबा घातल्यावर जुना कोड दर वेळी दुहेरी नोंद देतो, नवा देत नाही. डिलीटच्या वाटेवरही लॅच धरून लॉकसाठी थांबण्याची तीच चूक निघाली. तीही दुरुस्त केली.